तोंडानं जोडलेली लोकर

४ नोव्हेंबर

चि. चिंगीस,

आजीकडून पाठीवर हात आणि दोन्ही गालांचे मुके. इकडे सगळं ठणठणीत, म्हणजे माझे गुडघे सोडून. तुझं काय चाललंय ते लिहूनच कळव. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि ते निम्मं तुझा बाप शेजारी उभा राहून ओरडून सांगतो, तेही चुकीचं.

तुझी लोकर पोचली. अगं काय लोकर आहे! त्याआधी दुकानदारानं मला जांभळी लोकर गळ्यात मारली होती. लोकर कसली, प्लॅस्टिकची सुतळी. सुयांवर अशी कुरकुरायची की दाताखाली वाळू आल्यासारखं व्हायचं, आणि घामाचा नुसता चिकटा. दोन वीत विणून झाल्यावर मला तिची अशी शिसारी आली की सुयांसकट कपाटाखाली ढकलून दिली. तुझी मात्र राखी-पांढरी, हातात घेतली की ऊबच लागते. विणलं की वर बारीक लव उभी राहते. तुझ्या बापाला स्वेटर करायला घेतला, पण हिला ताण नाही. मनगटाची पट्टी एकदा ओढली की तशीच लोंबत राहते, रुसलेल्या माणसाच्या ओठासारखी. म्हणून उसवला आणि शालीचे टाके घातले.

गुंडे लहान आहेत, त्यामुळे जोड फार. गाठी मारणाऱ्या बायकांची मला किळस येते, शालीवर नुसते फोड आल्यासारखे दिसतात. मी आपली दोन्ही टोकं तोंडात धरते, चांगली ओली करते, एकावर एक ठेवून तळव्यात चोळते. जोड शोधून सापडायचा नाही. खऱ्या लोकरीलाच हे जमतं, प्लॅस्टिकला नाही. अख्खी शाल माझ्या तोंडातून जाणार बघ. कुठल्या दुकानातून घेतलीस ते कळव. तुझ्या आत्याआजी, म्हणजे आमच्या वन्सं, ज्या दाराची कडी रुमालानं धरतात आणि पाहुणा उठला की खुर्ची पुसतात, त्यासुद्धा लोकर गालाला लावून म्हणाल्या की ही कुठल्यातरी उंच डोंगरावरच्या बकरीची असणार.

आता दुसरं. तुझ्या दवाखान्यातला तो कुत्रेधुव्या तुझ्या पत्रात पानोपानी भेटतो. तू तिथं जनावरांचे कागद लिहितेस, तो तिथं जनावरं धुतो, इतपत ठीक होतं. आता तुझा बाप सांगतो की तुला त्याच्याशी लग्न करायचंय, आणि त्याची आई आणि आत्या, म्हणजे मी आणि वन्सं, हो म्हणालो तर त्याचंही हो. सगळं आमच्यावर टाकून मोकळा. तर माझं नाही. दिवसभर कुत्र्यांच्या कानातला मळ काढायचा, गोचिड्या उपटायच्या, आणि मग त्याच हातानं माझ्या घरी बशीतलं बिस्किट उचलायचं? शी! वन्संना तर मी अजून सांगितलंच नाही. त्या बेशुद्ध पडतील आणि पडायच्या आधी फरशी पुसतील.

तुझी, पण तुझ्यावर नाराज असलेली,
आजी

१२ नोव्हेंबर

ती. आजीस,

वाकून नमस्कार. गुडघ्यांना तेल लावतेस की नुसती त्यांची तक्रार करतेस?

लोकर आवडली ना, मग झालं. दुकानातली नाहीये, एकानं हातानं कातून दिलीय. कुणी, ते मी तिकडे आले की सांगेन.

त्याच्याबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. आजी, तो दिवसातून इतके वेळा हात धुतो की त्याची बोटं कायम सुरकुतलेली असतात. डॉक्टरीणबाई म्हणतात की दवाखान्यात सगळ्यात स्वच्छ हात त्याचेच. डिसेंबरात मला सुट्टी आहे, त्याला घेऊन येऊ का? एकदा बघ तरी. बाबा तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाहीत आणि मीही जाऊ शकणार नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून तर जीव टांगणीला लागलाय.

जोड तोंडानं करू नकोस ग. पाण्यानं कर.

तुझीच लाडावलेली,
चिंगी

२५ नोव्हेंबर

चिंगे,

आज आशीर्वाद नाहीत. आज मी सकाळपासून दात घासतेय.

शाल झाली. टाके बंद केले आणि सुई खाली ठेवते न ठेवते तोच वन्संनी ओढून घेतली. माझी मान धरलीय, मलाच जास्त गरज, वगैरे. घातली ती घातलीच. जेवताना शाल, झोपताना शाल, न्हाणीघराच्या दारापर्यंत शाल. कशीबशी आज धुवायला म्हणून काढून घेतली. शाल धुतल्याशिवाय बसत नाही, वीण सुटी-सुटी दिसते. बादलीत कोमट पाणी घेतलं, बुडवली, आणि वाफेबरोबर तो वास आला.

मला शाळा दुसरीपर्यंतच, पण नाक पूर्ण शिकलेलं आहे. आपल्या जिन्याखाली पावसात भिजलेला कुत्रा येऊन झोपतो, तो वास. तस्सा. मी म्हटलं बाहेरून येत असेल, खिडकी लावली. तर आणखी वाढला! मग शाल उजेडात धरली आणि लवेतून एक जाड केस उपटून काढला. अर्धा काळा, अर्धा पांढरा, टोकदार. बकरीच्या अंगावर असला केस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. दवाखान्यात तू, दवाखान्यात तो, लोकर दुकानातली नाही, जोड पाण्यानं कर. सगळं एका झटक्यात डोक्यात आलं, आणि पाठोपाठ पोटातलंही वर आलं.

कुत्रा, चिंगे! मी कुत्रा चघळला! एकेका जोडाला टोकं जिभेवर घोळवली, दातानं ओढून बघितली, वर चव बरी आहे असंही एकदा मनात आलं होतं, ते आता आठवतंय. मीठ-पाण्यानं चूळ भरली, आलं चावलं, तरी जिभेवर केस असल्यासारखं वाटतंय. मधेच थुंकते. तुझा बाप विचारतो काय झालं, त्याला सांगितलं दात दुखतोय.

आणि खरं सांगू, पुन्हा मधेच हसूही येतंय. कारण शाल वाळली, वास गेला, आणि वन्संनी दोरीवरूनच उचलून परत गळ्याभोवती घेतली. आत्ता समोर बसल्यात. गाल घासतायत तिच्यावर. मघाशी म्हणाल्या, असली शुद्ध लोकर हल्ली मिळत नाही. मी तोंडात रुमाल कोंबला.

पण तो कुत्रेधुव्या आता या घरात पाऊल टाकणार नाही. आधी नुसता घाणेरडा वाटत होता, आता लबाडही निघाला. म्हातारीला न सांगता कुत्र्याचे केस पाठवतो आणि तिच्या तोंडी घालतो. संपला विषय.

आजी

१ डिसेंबर

ती. आजी,

नमस्कार करायला हात उचलत नाहीत, तरी करते.

तो लबाड नाही. मी आहे. त्यानं लोकर माझ्या हातात दिली तेव्हा पहिलं वाक्य हेच म्हणाला होता की आजींना आधी सांग हे कशाचं आहे, काहींना चालत नाही. मी हो म्हटलं. मग पार्सल करताना भीती वाटली. तू उघडायच्या आधीच फेकशील, आणि मला वाटत होतं की आधी तुला लोकर आवडावी, मग सांगू की ती कुणी केली. त्याला सांगितलं की आजींना सगळं माहीत आहे आणि त्या विणतायत. तो इतका खूश झाला! दवाखान्यात जो येईल त्याला सांगत सुटला की चिंगीच्या आजीला कशाची म्हणून किळस नाही.

ते केस त्याच्या स्वतःच्या म्हाताऱ्या कुत्रीचे आहेत. हिवाळ्याआधी तिला विंचरलं की आतली मऊ लव निघते, ती तो साठवतो, साबणाच्या गरम पाण्यातून पुन्हा पुन्हा काढतो आणि टकळीवर कातायला त्याचा तोच शिकलाय. तुझे जोड माझ्या डोळ्यासमोर येत होते, म्हणून तर पाण्यानं कर असं लिहिलं, पण खरं लिहायची हिंमत झाली नाही.

मला रागव. त्याला नको.

चिंगी

९ डिसेंबर

चि. चिंगीस,

आशीर्वाद अर्धेच. उरलेले तू काम केलंस की.

म्हणजे मी माझ्याच वयाच्या एका बाईचे केस चघळले. हे वाचून मी इतकी हसले की खुर्चीतून घसरले, आणि मग पुन्हा जाऊन चूळ भरली.

तुझ्यावर मात्र मी चिडले आहे, आणि नीट ऐक कशावरून. केसांची किळस मला आली, येणारच, ती माझी मी बघून घेईन. पण मी इकडे त्याला लबाड म्हणून शिव्या घालत होते, तो तिकडे माझं कौतुक करत होता, आणि मधे तू दोघांना दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगून गप्प बसली होतीस. या लपवाछपवीची मला जास्त शिसारी आली. उद्या संसारात हेच करशील. त्याला खरं सांग. हे पत्र खाली ठेवून सांग.

मी माझ्या बाजूनं वन्संना सांगून टाकलं. म्हटलं, मी तुला शिकवायचं आणि स्वतः रुमाल कोंबून बसायचं, हे बरं नाही. त्या आधी पांढऱ्या पडल्या. मग शाल चिमट्यानं धरून गॅलरीत नेऊन टाकली, मान साबणानं अशी घासली की लालभडक झाली, उशी बदलली, चादर बदलली, आणि माझ्याशी बोलायचं बंद केलं. मला वाटलं, गेली आपली शाल कचऱ्यात. पण मग थंडी वाढली. वन्सं गॅलरीच्या दारापर्यंत जायच्या, काचेतून शालीकडे बघायच्या, शी म्हणायच्या आणि परत यायच्या. पुन्हा जायच्या, पुन्हा शी. शेवटी एक जुनी सुती चादर फाडली आणि शालीला आतून अस्तर शिवलं. आता म्हणतात की कुत्रं बाहेरच्या बाजूला आहे, माझ्या अंगाला फक्त चादर लागते. आणि काल मला हळूच विचारलं की त्या माणसाकडे गुडघ्यांपुरती आणखी मिळेल का. लग्नाचंही सांगितलं मग. म्हणाल्या, हात कोपरापर्यंत धुऊन येणार असेल तर बघू.

तर घेऊन ये त्याला. माझं हो नाही अजून, पण नाहीही नाही. सगळं त्याला बघून ठरवणार. आणि तुझ्या बापाला काही लिहू नकोस, तो सगळ्यांना मोठ्यानं सांगेल.

तुझी, केस अजून जिभेवर असल्यासारखं वाटणारी,
आजी

१७ डिसेंबर

ती. आजीस,

अनेक नमस्कार. सांगितलं ग. सगळं सांगितलं.

तो तेव्हा एका मोठ्या कुत्र्याच्या अंगावरचा साबण धूत होता. शेवटचा फेस जाईपर्यंत पाणी घालत राहिला. मग म्हणाला की त्यांनी ते तोंडात घेतलं होतं? माझ्यामुळे? आणि मी लोकांना सांगत फिरत होतो? त्या दिवसापासून तो माझ्यासमोर डबासुद्धा उघडत नाही. बाहेर बाकावर एकटा खातो. मी घरी चल म्हटलं तर म्हणतो, मला काय म्हणून नेणार? तुझ्या घरचे मला बघून नाक मुरडतील, आणि बरोबरच करतील, आता तर मलाच माझ्या हातांची किळस वाटायला लागलीय. तू मला माफ कर असं तो म्हणतो. मला! मी काय करू तेच समजत नाही. तो येणार नाही, आजी. माझं तो ऐकत नाही, आणि का ऐकावं?

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
चिंगी

२० डिसेंबर

चि. कुत्रेधुव्या यास,

चिंगीच्या आजीकडून आशीर्वाद, पहिल्यांदाच पाठवतेय, तेव्हा नीट मोजून घे. तुला आम्ही घरात असंच म्हणतो. आता तोंडावर म्हणते, म्हणजे मागून बोलल्यासारखं होणार नाही.

तुझ्या धंद्याची मला किळस येते, हे आधीच लिहून टाकते. कानातला मळ, गोचिड्या, ओल्या कुत्र्याचा वास, शी शी शी. ती जाणार नाही, तू जावई झालास तरी. तुझ्यासमोर मी नाक मुरडीन आणि तू ते चालवून घ्यायचंस. पण तुझ्या हातांचं काय घेऊन बसलास? मी या हातांनी पोरांचे शेंबूड काढले, सासरे आजारी होते तेव्हा त्यांची थुंकीची वाटी रोज धुतली. तेव्हाही ओकारी यायची. तोंड फिरवायचे, धुवायचे, आणि मग त्याच हातांनी पोळ्या लाटायचे. सगळे जेवायचे, कुणी मला बाहेर बाकावर बसवलं नाही. तू कुठला एवढा मोठा लागून गेलास, की तुलाच तेवढं बाहेर बसायचंय?

आणि सांग म्हणून तू बजावलं होतंस. ती बोलली नाही. लाज तिनं धरायची, तिची तिला धरू दे. तू तिची पण आपल्या डोक्यावर घेऊन फिरू नकोस. डबा आत बसून, तिच्यासमोर उघड. तिला नुसतं बघून भूक लागू दे, तेवढी शिक्षा पुरे.

आमच्या वन्संच्या गुडघ्यांना तुझ्या म्हातारीची लोकर हवी आहे. मी विणीन. जोड पाण्यानं करीन.

मी तुझ्यासाठी निळी लोकर आणून ठेवलीय, मेंढीची, दुकानदारासमोर वास घेऊन घेतली, तो बघतच राहिला. छातीचं माप आणि गळ्यापासून कमरेपर्यंतची उंची दोरीनं मोजून चिंगीबरोबर पाठव, नाहीतर स्वतः घेऊन ये, ते जास्त बरं. हाताची लांबी नको. बाह्या कोपरापर्यंतच घालतेय, म्हणजे धुताना वर सरकवायला नकोत आणि कुत्र्यांच्या पाण्यात भिजायलाही नकोत.

माया माझी आहेच, ती तुम्ही दोघं येऊन घेऊन जा.

चिंगीची, आणि माप आलं की तुझीही,
आजी