खारवलेल्या मांसाचं पिंप

१४ सप्टेंबर १८३३

एकदाचे पोचलो. बोटीतला ओकारीचा वास अजून नाकातून जात नाही, पण घर पाहिलं आणि सगळं माफ करून टाकलं. ओंडक्यांचं घर, भक्कम धुराडं, दारात ओढा, आणि आमच्या आधीच्या पेटीबोन नवराबायकोनं साफ करून ठेवलेलं शेत. अप्पर कॅनडात लोक झाडं तोडता तोडता म्हातारे होतात. आम्हाला आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आहेत. पेटीबोन कुठे गेले असं माझ्या नवऱ्यानं, अ‍ॅम्ब्रोजनं, जमीन विकणाऱ्या कारकुनाला विचारलं, तर तो म्हणे, गेले.

आमची चार वर्षांची टॅबी आल्यापासून ओढ्यातून निघायला तयार नाही. मला इतकं हसू फार दिवसांनी आलं.

२ ऑक्टोबर

राख आणि वाळूनं घरातली सगळी जमीन घासून काढली. अ‍ॅम्ब्रोज म्हणतो, हेस्टर, आता रानातली झाडंही धुऊन घे, एवढ्यावर का थांबतेस. हसू दे. घाण मला लहानपणापासून सोसत नाही.

इथे डुकरं कोणी बांधून ठेवत नाही. रानात सोडायची, बीच झाडाच्या बिया खाऊन ती आपली आपण माजतात, थंडी पडली की धरून आणायची. कोणाचं कुठलं ते कानावरून ओळखायचं. प्रत्येक मालकाची कानाला पाडलेली खाच वेगळी, आणि ती गावच्या दफ्तरात नोंदलेली. जमीन घेतली तशी पेटीबोनची खाचही आमची झाली, डाव्या कानाला दोन. म्हणजे रानात आमची डुकरं फिरताहेत, आणि आम्ही त्यांना मूठभर दाणाही घातलेला नाही. अ‍ॅम्ब्रोज दिवसभर शीळ घालत होता.

२१ नोव्हेंबर

डुक्कर कापलं. एवढं लठ्ठ जनावर मी इंग्लंडात आमच्या सफोकमध्येही पाहिलं नव्हतं. चरबी पिवळी, सैल, बोटांना चिकटून राहणारी, आणि तिला गोडसर वास. गरम पाण्यानं तीनदा हात धुतले तरी जाईना.

आतडी आणि पोट ओढ्यावर धुवायला घेतलं. पोटात हाडाचं बटण निघालं, त्यात अजून दोरा होता. ओढ्याकाठीच ओकले. पण हिवाळाभर हेच खायचं आहे, म्हणून बटण पाण्यात भिरकावलं आणि कोणाला काही बोलले नाही. मांस मिठात घालून पिंप भरलं. डोकं कानांसकट भिंतीला टांगलं आहे. कोणी विचारलं तर खाच दाखवता यावी, अशी इथली रीत आहे.

८ डिसेंबर

पलीकडच्या शेतावरची ग्रिझेल मक्रे आली होती, स्कॉटिश विधवा, तोंडाची फटकळ पण मनानं चांगली. टॅबीसाठी मेपलची साखर आणली. मी तिच्यापुढे मांसाची वाटी ठेवली. तिनं चमचा उचलला, तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या कानावर गेली, आणि चमचा खाली.

मग म्हातारीनं सांगितलं. पेटीबोन नवराबायको गेल्या फेब्रुवारीत तापानं गेले. जमीन दगडासारखी गोठलेली, खड्डा कोण खणणार? बर्फ वितळेपर्यंत राहू देत म्हणून गावानं दोघांना फांद्यांखाली, गोठ्यामागे ठेवलं. वितळल्यावर पुरायला गेले तर पुरायला काही उरलंच नव्हतं. त्या खाचेच्या डुकरांना तेव्हापासून कोणी हात लावत नाही. "मला वाटलं गावच्या लोहारानं सांगितलं असेल," ती म्हणाली. "त्याला वाटलं असेल मी सांगितलं. पोरी, लेकीला तरी देऊ नकोस."

आम्ही तिघं सतरा दिवस खातोय.

१० डिसेंबर

पिंप ओढ्यात ओत, मी म्हणाले. अ‍ॅम्ब्रोजनं ऐकलं नाही. पिठाचं एक पोतं बोटीत भिजून बुरसलं, बटाटे गोठून काळे पडले, बर्फात वाट नाही. त्याचं म्हणणं, मिठानं सगळं शुद्ध होतं, आणि माती तरी कोणाला सोडते? तू बटाटा खातेस तेव्हा विचारतेस का, हा कोणावर वाढला?

म्हणू दे त्याला. पण टॅबीच्या तोंडात पुन्हा तो घास जाणार नाही. तिला आणि मला भाकरी, त्याला त्याचं पिंप.

२९ डिसेंबर

अ‍ॅम्ब्रोज अंगानं फुगला आहे. भाकरीला शिवत नाही. दाढी तेलकट, त्यात मांसाचे तंतू, पुसत नाही. आज तो पिंपावर ओणवा होऊन खारं पाणी तोंडानंच ओढत होता. त्याच्या शेजारी झोपायची मला शिसारी येते. हा माझा नवरा आहे, आणि मला त्याची किळस येते.

६ जानेवारी १८३४

त्यानं टॅबीचा दंड चिमटीत धरून पाहिला. बाजारात धरतात तसा. म्हणाला, भाकरीवर काय भरणार ही. मी कुऱ्हाड घेऊन मध्ये उभी राहिले. तो हसला आणि दुसरं डुक्कर आणतो म्हणून रानात गेला.

८ जानेवारी

आला नाही. बर्फात त्याच्या बुटांच्या खुणा, पुढे बूट पडलेले, पुढे अनवाणी पावलं, मग हातांचे पंजे. मग सगळे खूरच. मी दाराला अडसर घातला. रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं.

१५ जानेवारी

पीठ एकीपुरतंच. ते टॅबीचं. मला उभं राहवत नाही, सरपण कोण आणणार, तिला कोण जगवणार — नाक दाबून पिंपातला एक तुकडा खाल्ला. ओकले. पुन्हा खाल्ला.

२२ जानेवारी

आता ओकत नाही.

टॅबी भाकरी खाते. तिला मी दिलं नाही. तिला मी —

३० जानेवारी

पिंपाचा तळ चाटला. हात धुतले नाहीत, कशाला धुवायचे. ग्रिझेल दाराशी आली होती, टॅबीला काही दिवस घेऊन जाते म्हणाली. मी दार उघडलं नाही. माझी आहे ती. मी उपाशी राहून पोसली —

१ फेब्रुवारी

टॅबी शेगडीपाशी निजली आहे. भाकरी खाऊन गाल किती छान भरलेत. मानेपाशी ऊबदार गोड वास येतोय, इतक्या दिवसांत कसा आला नाही — मी फक्त वास घेणार आहे. जवळ जाऊन एकदाच. ती जागी झाली, आई म्हणतेय, आई तू अशी का —