सात सीटांची अकॅडमी

५ सप्टेंबर, शुक्रवार
काल कंपनीने सांगितलं, माझ्या पोस्टवर ओमानी माणूस येणार. दोन महिने दिलेत. मग व्हिसा खलास, रुचिरची दहावी अर्धवट आणि बिऱ्हाड पुण्याला. बायकोचा, किशोरीचा चेहरा उतरला. मी शांत. अंगात गुण असले की नोकरीच माणसाला शोधत येते.

ठरलं. ट्रेनर व्हायचं. अल खुवैरच्या एका ट्रेनिंग सेंटरचे मालक, सादिकसाहेब, म्हणाले की शिकवल्याचा अनुभव दाखवा, मग बघू. त्यात काय! मजुरांची, मोलकरणींची एक बॅच फुकट शिकवतो. इंग्रजी प्लस इंटरव्ह्यू.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
किशोरीने हॉल द्यायला साफ नकार दिला. वर्ग आमच्या सात सीटर गाडीत भरवला. विद्यार्थी तीन. कुडाळचा उत्तम, कॅफेटेरियात कुक. हवाबी, हैदराबादची, घरकाम करते. यूनुस, भाजी बाजारात हमाल. सगळ्यांना घ्यायला मीच गेलो. उत्तमला अल मवालेहहून कांदे न्यायचे होते. म्हटलं चल, जाता जाता शिकू. सिग्नलला 'माय नेम इज' घेतलं. हवाबी झोपली. झोपेत जास्त डोक्यात जातं, असं कुठेतरी वाचलंय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
हजेरी शंभर टक्के! शिवाय हवाबीची बहीण अदीबा आली. कोबीची दोन पोतीही आली. अदीबाला अल हैलला सोडलं, यूनुसला चुलतभावाकडे. याला 'फील्ड व्हिजिट' म्हणायचं. 'लेफ्ट, राइट, स्टॉप' सगळ्यांना अचूक येतं. मलाच सांगत होते. रुचिर म्हणाला, बाबा, यू आर बेसिकली अ टॅक्सी. या पिढीला दूरदृष्टी नाही.

तीन आठवड्यांत ट्रेनर होणार. लिहून ठेवतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
गाडी गॅरेजमध्ये. बरंच झालं, परीक्षा घेऊन टाकू. पार्कात फळा लावला, सगळ्यांना लोकेशन पाठवलं. पाच ते सात मी आणि फळा. घामाने दोन प्रश्न पुसले गेले. कोणी आलं नाही. परीक्षेची भीती! म्हणजे अभ्यासाचं गांभीर्य आलंय. उत्तमचा फोन आला, सर, गाडी कधी मिळतली? किती ती शिकायची ओढ.

७ ऑक्टोबर, मंगळवार
सादिकसाहेबांनी माझ्यासमोरच विद्यार्थ्यांना फोन लावले. स्पीकरवर. उत्तम म्हणाला, सर एक नंबर, कभी लेट नहीं, ब्रेक इतना सॉफ्ट की अंडे का पूरा ट्रे सलामत. हवाबी म्हणाली, कित्ते दिनां बाद चैन की नींद आई. साहेबांनी विचारलं, और पढ़ाई? हवाबीने उलट विचारलं, कैसी पढ़ाई? नेटवर्क खराब होतं. तरी साहेब खूश! उद्या लेटर देतो म्हणाले. येताना दोन किलो जिलेबी घेतली.

८ ऑक्टोबर, बुधवार
लेटर आलं. डेझिग्नेशन : ड्रायव्हर. सेंटरच्या विद्यार्थ्यांना व्हॅनमधून आणायचं, सोडायचं. टायपिंग मिस्टेक समजून फोन केला. मिस्टेक नव्हती. व्हिसावरही ड्रायव्हरच लागणार.

नकार देणार. बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे मी. जिलेबी शेजारी वाटून टाकली, कारण सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
किशोरीने लेटर वाचलं आणि रडायला लागली. म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, मी नाहीच म्हणणार आहे. तर म्हणाली, खबरदार नाही म्हणालात तर. महिनाभर मला झोप नाही. रुचिरची शाळा सुटणार नाही, म्हणून रडतेय मी. तिला झोप नाही, हे मला कसं कळलं नाही? मलाही रडू आलं. रुचिरने पाणी आणून दिलं.

सही केली.

सेंटरमधून युनिफॉर्मसाठी शर्टाचं माप विचारलं. बेचाळीस सांगितलं. चव्वेचाळीस लागतो, पण सोमवारपर्यंत पोट कमी करणार आहे.