बंड्याने किती बोलायचं

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज पुन्हा वर्तकनगरचं हॉस्पिटल. मोहितेबाई खुर्चीत ताठ बसून वाट बघत होत्या. टेलिफोनचा जुना बोर्ड काढून तिथे कॉम्प्युटर ठेवलाय. इतकी वर्षं त्या फोन जोडून देत होत्या, आता अपॉइंटमेंट द्यायच्या आणि पडद्यावर भरायच्या. बाईंना दिसत नाही, म्हणून पडदा वाचून दाखवायला आमच्या संस्थेने स्क्रीनरीडर घालून दिलाय. तो त्यांच्या कामाला बसवून देणं माझ्याकडे. पण ज्यांनी हे सॉफ्टवेअर केलं त्यांनी एकाही बटणाला नाव दिलेलं नाही. स्क्रीनरीडर नुसता ‘बटण, बटण, बटण’ म्हणत जातो. बाई म्हणाल्या, “हा काय शिंपी आहे का गं?” त्याचं नाव त्यांनी बंड्या ठेवलंय.

एचआर मॅडम येऊन सांगून गेल्या, सतरा तारखेला त्या स्वतः शेजारी बसून बघणार. “जमलं तर उत्तम. नाहीतर काय ते बघू.”
मॅडम गेल्यावर बाई म्हणाल्या, “काय ते बघू म्हणजे घरी. घरी मला कोण फोन करणार?”

बुधवार, ५ नोव्हें.
सगळ्या बटणांना नावं दिली. प्रत्येक रकाना बोलतो आता : कशाचा आहे, भरलाय की रिकामा, भरायलाच हवा की नको. एका वेळेवर दोन पेशंट टाकले तर वर लाल पट्टी येते, ती बंड्याला दिसतच नव्हती. तीही वाचायला लावली. शेवटी सेव्ह केलं की नाव, डॉक्टर, वार, वेळ सगळं पुन्हा म्हणतो. मॉनिटर बंद करून ऑफिसात स्वतः करून बघितलं. कुठे अडलं नाही. तरी परत एकदा केलं. डोकं दुखतंय.

गुरु., ६
आईला बीपीची नवी गोळी दिलीय. पाकिटातला कागद पुढे करून म्हणाली, वाच. बारीक इंग्रजी. सगळं मराठीत सांगितलं. चक्कर, खोकला, पाय सुजणं, क्वचित होणारं काय काय, तेही. घरात वाचता येणारी पहिली मीच. कागद आला की माझ्याकडे येतो, आणि अर्धा वाचणं मला जमत नाही. अर्धा वाचला आणि उरलेल्यातच काही असलं तर?

शुक्र., ७
आज खरे फोन. वाईट गेला दिवस.
बाई रिसीव्हर डाव्या कानाला लावतात, बंड्याचा इअरफोन उजव्या. हे मला माहीत होतं, रोज बघते. पण मी तपासलं ते शांत खोलीत, नुसत्या बंड्यासोबत. इकडे पेशंट बोलतोय आणि तिकडे बंड्या ‘रुग्णाचे नाव, भरणे आवश्यक, रिकामे’. एक म्हातारे गृहस्थ बायकोचं सांगता सांगता रडायला लागले. बाईंनी उजवा इअरफोन काढून ठेवला आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग अंदाजाने भरलं. लाल पट्टी आली, बंड्या बोलला, पण टेबलावर. एका वेळेला दोन पेशंट पडले. मी मागेच होते म्हणून निस्तरलं.

“तुझा बंड्या फार बोलतो,” बाई म्हणाल्या. “माणसाचं ऐकू की ह्याचं?”
मी म्हटलं, आवाज कमी करते.
“आवाज नको कमी करू. बडबड कमी कर.”

शनि., ८
काय काढायचं? रात्रभर तेच. एकेक ओळ काढायला जाते आणि वाटतं, नेमकं हेच लागलं तर. संस्थेच्या सरांना फोन केला. ते स्वतः पूर्ण अंध, त्यांचा स्क्रीनरीडर इतका जोरात पळतो की मला एक शब्द कळत नाही. म्हणाले, “तू कशाला ठरवतेस? ज्याचा कान त्याला विचार.”

सोम., १०
विचारलं. बाईंनी जवळजवळ सगळंच उडवलं. रकान्यांचा क्रम त्यांना पाठ झालाय, नावं नकोत. लाल पट्टी राहू दे म्हणाल्या, पण वाक्य नको, एक आवाज दे. मी दोन-तीन ऐकवले. “हे काय, मायक्रोवेव्ह झाला का?”
मग म्हणाल्या, जुन्या बोर्डाचा खटका हवा. लाइन बिझी असली की बटण आपोआप वर यायचं, तो आवाज. “तो मी झोपेतही ओळखेन.”
बोर्ड तळघरात, तुटक्या खाटांमागे. माझा हात धरून त्याच मला घेऊन गेल्या. बटण दाबलं, सोडलं. मी मोबाइलवर घेतलं. तीनदा घेतलं, कारण दोनदा बाईच बोलल्या मध्ये.

मंगळ., ११
सेव्ह केल्यावर बंड्या सगळं पुन्हा म्हणतो, तेही काढ म्हणाल्या. “मी भरलंय ते मला माहीत असतं.” हो म्हटलं. काढलं नाही. नुसतं वेगाने म्हणेल असं केलं. चूक झाली तर ती तिथेच कळणार, दुसरीकडे कुठेच नाही.

गुरु., १३
आईच्या गोळ्यांचं पाकीट तसंच. एकही घेतलेली नाही.
“तूच तर वाचलंस ना, त्याने काय काय होतं ते,” म्हणाली. “मग कशाला खाऊ?”
डॉक्टर काय म्हणाले होते विचारलं. “म्हणाले, रोज सकाळी एक घ्या.” तेवढंच.
मग म्हटलं, आई, रोज सकाळी एक घे. तिने विचारलं, “आणि बाकीचं?” म्हटलं, काही वाटलं तर मला सांग, मी डॉक्टरांना विचारेन. खोटं नाही बोलले. तरी काहीतरी लपवल्यासारखं वाटतंय.

शुक्र., १४
बाईंना सांगितलं, शेवटचं मी काढलेलं नाही.
“माहितीय. चार दिवस ऐकतेय त्याचं गाणं,” म्हणाल्या. “वाट बघत होते, कधी सांगतेस.” रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.
त्यांच्यासमोर काढलं. सेव्ह झालं की आता एक बारीक टिक. बाकी शांत. त्यांनी लागोपाठ फोन घेतले, म्हाताऱ्यांशी, पोरांशी, एका भांडकुदळ बाईशी. कुठे गडबड नाही. पण झालीच तर बंड्या सांगणार नाही. कोणीच सांगणार नाही.

सोम., १७
मॅडमनी मला आत बसू दिलं नाही. “तुम्ही खुणा कराल.” खुणा करून त्यांना दिसणार आहेत का, हे ओठांवर आलेलं.

बाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धं उघडं. मला फक्त बाईंची बाजू ऐकू येत होती. “नमस्कार, बोला.” “हो काका, सावकाश सांगा.” मध्येच थांबायच्या. त्या थांबण्यात खटका वाजला, की टिक, की काहीच नाही, बाहेरून कळायला मार्ग नव्हता. एकदा हसल्या. एकदा म्हणाल्या, “ती वेळ दिलेली आहे हो, अकरा चालेल?” खटका पोचला होता.

मग बराच वेळ तसंच. एक लांब फोन. “दिली आजी, बुधवारी दहा.” लगेच मॅडमचा आवाज, “मोहिते, एक मिनिट. हे परत बघू.” आणि कोणीतरी दार लावून घेतलं.

कितीतरी वेळ उघडलं नाही. मग सरांचा फोन, कल्याणचं काम अडलंय, निघ. बाईंना मेसेज करून ठेवलाय. त्यांच्या मोबाइलमधला बंड्या वाचून दाखवेल. अजून उत्तर नाही.

कोपर स्टेशनला उतरून घरी. आईने सकाळी गोळी घेतलेली. ताट वाढता वाढता तिने विचारलं, “त्या बाईंचं काय झालं?”
जेवढं ऐकलं होतं तेवढंच सांगितलं.