माळ आणि झाडलोटीची पाटी

नुर्टिंगेन, २८ जानेवारी

स्वस्ति श्रीमत् सकल-श्वाबभूमि-विदारिणी, चतुर्दशशतवर्ष-निद्रितजन-प्रबोधिनी, कर्दमालंकृत-पादत्राणधारिणी ती. नोटबुर्गाताई यांचे चरणी धाकटा बंधू ओटमार याचे शि. सा. न. वि. वि.

आपण शरदातल्या उत्खननात त्या प्राचीन अलेमान टोळीतल्या स्त्रीच्या थडग्यातून उचललेला, गळ्यातल्या माळेसकटचा मातीचा गोळा आमच्या इमारतीच्या तळघरात, पत्र्याच्या टबात, ओल्या फडक्यांखाली सुखरूप आहे. आमच्या म्युझियमच्या छपराची दुरुस्ती संपेपर्यंत त्याचे वास्तव्य तेथेच. त्यावर मी नित्यनेमाने जलसिंचन करतो; इतकी निष्ठा मी जेरेनियमच्या कुंडीलाही कधी वाहिली नाही. नेत्रांविषयी डॉक्टर काय वदले, ते कळवावे.

मातीखालच्यांवर आहे तितकाच लोभ मातीवरच्यांवरही असावा.

ओटमार

ट्युबिंगेन, ३ फेब्रुवारी

चि. ओटमार यास अ. उ. आ.

उजवा डोळा गेलाच; डाव्यात ईस्टरपर्यंत उजेड राहील, असे डॉक्टर म्हणाले. इतके चाचरत म्हणाले की मलाच त्यांचे सांत्वन करावे लागले.

तो गोळा माझ्यावाचून उघडू नकोस. दोरा केव्हाच कुजला, पण मणी मातीत ज्या क्रमाने पडले आहेत तोच तिचा क्रम, तिने स्वतः ओवलेला. जन्मभर मी पाहिल्या त्या माळा कुणीतरी धुऊन, मिसळून, आपल्या आवडीने पुन्हा ओवलेल्या. एक तरी जशी होती तशी पाहायची आहे, आणि दुसरी संधी आता मला नाही. पंधरा तारखेला येते. मसूर आणि श्पेट्झलच्या शेवया कर, व्हिनेगर बेताने.

थोरल्या बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

नोटबुर्गा

नुर्टिंगेन, ११ फेब्रुवारी

ती. ताई, शि. सा. न.

आज बिरुदे सुचत नाहीत.

या आठवड्यात झाडलोटीच्या पाळीची पाटी तळमजल्यावरच्या फ्लायडररबाईंच्या दारावर टांगलेली होती. पाटी टांगली की जिना, तळघर, फुटपाथ हे सारे धर्मकृत्य, हे आपणांस ठाऊक आहेच. बाईंना टबात चिखल दिसला. त्यांनी तो चाळणीत घेऊन नळाखाली धुतला, मणी वेचले आणि सूप प्यायच्या खोलगट बशीत लखलखीत करून माझ्या उंबऱ्यावर ठेवले. मी धावत खाली गेलो, तर त्या म्हणाल्या, "एवढी घाण तळघरात ठेवायची, आणि वर म्युझियमवाले म्हणवायचं? राहू द्या, आभार नका मानू."

मी आभार मानले, ताई.

पिवळे, तांबडे, अंबर राळेचे, एक निळा. मणी सगळे आहेत; क्रम नाही. पृथ्वीने चौदाशे वर्षे सांभाळले ते मला एक हिवाळा सांभाळवले नाही. टबावर चिठ्ठी चिकटवण्याची बुद्धीसुद्धा झाली नाही. आपण यावे असे कोणत्या तोंडाने लिहू? बशी कापसात बांधून पाठवतो आहे.

लोभाची याचना करण्याचा अधिकार तूर्त गहाण पडला आहे.

ओटमार

ट्युबिंगेन, १९ फेब्रुवारी

चि. ओटमार यास अ. उ. आ.

मणी पोचले. आधी त्यांना हात लावला नाही. तुझ्या पत्रालाही नाही. मग लावला.

शेजारचे मणी वर्षानुवर्षे घासून एकमेकांना झिजवतात; एकाच्या खळग्यात दुसऱ्याची कड नेमकी बसते. डोळ्यांना हे जेमतेम दिसे, बोटांना स्वच्छ कळते. दोन जोड्या जुळल्या. ईस्टरपर्यंत माळ पुरी व्हायची नाही, हे मी जाणून आहे. तू समजूत घालू नकोस. पण निळ्या मण्याची एक बाजू खोल झिजली आहे, आणि तिचा जोडीदार बशीत नाही. चाळणीतून निसटला असणार. तळघराची मोरी बघ. निळा मध्ये होता की टोकाला, हे त्याच्याखेरीज कळणार नाही. उशीर करू नकोस.

तुझ्यावर रागावलेली, म्हणजे तुझीच,

नोटबुर्गा

नुर्टिंगेन, २३ फेब्रुवारी

ती. ताई, शि. सा. न.

मोरी त्याच मातीने तुंबली आहे; तळघरात घोट्यापर्यंत पाणी. प्लंबर म्हणतो, फास्नेटच्या कार्निव्हलचा धुमाकूळ आटोपल्याशिवाय तो मुखवटा उतरवणार नाही. हातांनी उपसून पाहिले, चिखलाखेरीज काही नाही. मणी आत खोल वाहत गेला असावा. मोरी उपसण्याची लांब सळई फ्लायडररबाईंच्या कपाटात आहे, परंतु नियमाप्रमाणे ती ज्याच्या दारावर पाटी त्यालाच मिळते. पाटी सध्या वरच्या मजल्यावरच्या वेंगर्टरांच्या दारावर आहे, वेंगर्टर बर्फावर घसरायला गेले आहेत, आणि माझ्या डाव्या गमबुटाला भोक आहे. तरी मी पुन्हा खाली उतरतो आहे; निळ्याचा जोडीदार मिळेपर्यंत हे पत्र अपुरेच समजावे.

ओटमार