क्षितिजाच्या नावाचं खातं

सोम. ३ नोव्हेंबर २०२५

विमावाल्या हंसाबेन पुन्हा आल्या! दार अर्धंच उघडलं होतं, तरी चपला काढून थेट आत. "पंचशीलाबेन, बच्ची के कॉलेज का सोचा के नहीं?" हातात चकचकीत पुस्तिका, वर पदवीची टोपी हवेत उडवणारी मुलगी. दरमहा पाच हजार भरायचे, बारा वर्षं, मग एकरकमी अमुक लाख. त्या लाखांच्या डोक्यावर छोटीशी चांदणी. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत — उदाहरणादाखल, हमी नाही.

विचारलं, "पहिल्या वर्षी तुम्हाला यातून किती मिळतात?"

"अरे, वो तो कंपनी देती है. आपका क्या जाता है?"

मधेच बंद केलं तर किती परत मिळतील, हेही विचारलं. त्यावर त्यांनी पाणी मागितलं.

बुध. ५ नोव्हेंबर

सुट्टी. दुपारभर वही घेऊन बसले. ठरलं — हंसाबेनचा प्लॅन नाही. विमा वेगळा, बचत वेगळी. थोडे पैसे एसआयपीत, थोडे पोस्टात सुकन्या खात्यात. पण सुकन्या दहा वर्षांच्या आतल्या मुलीचंच उघडतात. क्षितिजाला २२ तारखेला दहा पूर्ण! इतकी वर्षं मी काय करत होते? — लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत होते आणि घराचा हप्ता भरत होते.

शुक्र. ७ नोव्हेंबर



अर्धी रजा टाकून पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंनी जन्मदाखला बघितला, काहीतरी टाइप केलं, पुन्हा टाइप केलं. "मॅडम, या मुलीचं खातं आहे की. २०१८ चं."

शक्यच नाही म्हटलं.

"पालक म्हणून वडिलांचं नाव आहे. वाल्मिक. आणि एका मुलीला एकच खातं, दुसरं उघडता येत नाही."

"बंद पडलं असेल."

"चालू आहे. दर महिन्याला भरणा आहे, गेल्या महिन्यातसुद्धा."

वाल्मिक! २०२१ च्या जुलैत बॅग घेऊन दुसरीकडे संसार मांडायला गेला, तेव्हापासून मुलीच्या एका वहीचेसुद्धा पैसे दिले नाहीत. आणि हा दर महिन्याला भरतोय? कशासाठी? उद्या कोर्टात दाखवायला — बघा, मी बाप म्हणून किती केलं! मुलगी मागायची असणार. दुसरं काय?

शनि. ८ नोव्हेंबर

वाल्मिकला फोन केला. चार वर्षांत तिसऱ्यांदा.

"कसलं खातं? ...हां, ते! आईने मागे लागून उघडायला लावलं होतं. पासबुक तिच्याकडेच असेल."

"दर महिन्याला कोण भरतं?"

"मी तर नाही बाबा! माझंच इथे भागत नाहीये."

त्याच्यावर लगेच विश्वास बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

म्हणजे कांताबाई. माझी सासू. तिला आत्या म्हणणं मी सोडलंय. मुलाचं दुसरं बिऱ्हाड तिला माहीत होतं, याची मला तेव्हाच खात्री होती. तो गेल्यावर ही दारात उभी होती, मी सांगितलं — माझ्या पोरीचं तोंड बघायचं नाही. गेली निमूट. आणि मागून हे! पैसे भरून पोरीवर हक्क सांगते की काय?

रवि. ९ नोव्हेंबर

क्षितिजाला क्लासला सोडून नवघर रोडच्या कांताबाईच्या खोलीवर गेले. दार भलत्याच माणसांनी उघडलं. "कांतामावशी? वो तो दो साल पहले गई." कुठे, ते ठाऊक नाही. तिचा फोन नंबर तेवढा मिळाला.

खोली सोडून गेली? मायलेकांनी मिळून काहीतरी शिजवलंय, नक्की.

मंगळ. ११ नोव्हेंबर

त्या नंबरवर फोन करून पत्ता घेतला. कांताबाई मीरा रोडला आहे! माझ्या लॅबपासून चालत दहा मिनिटं. एका अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे चोवीस तासांची बाई म्हणून राहते. जेवणाच्या सुट्टीत गेले. केस पार पांढरे झालेत. आजींना पेज भरवत होती. मला बघून चमचा हवेतच राहिला.

पाणी दिलं, ते मी घेतलं नाही. सरळ विचारलं — खातं का लपवलं?

"सांगितलं असतं तर तू भरू दिलं असतंस का?"

नसतं दिलं.

"तुम्हाला माहीत होतं ना, वाल्मिकचं?"

मला वाटलं, नाही म्हणेल. खाली बघून म्हणाली, "होतं. दीड महिना आधी कळलं होतं. वाटलं, समजावीन अन् येईल वळणावर. बोलले न्हाई तुला. चुकलंच माझं."

मग आजींच्या पलंगाखालून पिशवी ओढली, लुगड्याच्या घडीतून पासबुक काढलं. "वाल्या दोनदा मागायला आला होता हे. मोडता येतं का इचारत होता. दिलं न्हाई मी. तुला माझा संशय येतो, येऊ दे. मी माझ्या लेकाचा वेळेवर घेतला न्हाई, म्हणून तुझं हे झालं."

पासबुक पर्समध्ये टाकलं आणि निघून आले.

बुध. १२ नोव्हेंबर

पासबुक तीनदा वाचलं. तो गेल्याच्या पुढच्याच महिन्यापासून — पाचशे, पाचशे, पाचशे. एक महिना चुकला नाही. मग २०२३ च्या जूनपासून एकदम चार हजार. व्याज धरून दीड लाखाच्या आसपास.

हे चार हजार कुठून आले? पुन्हा संशय. कोण देतं हिला?

भांडी घासताना कळलं. नवघर रोडच्या खोलीचं भाडं चार हजार होतं.

तिने खोली सोडली, आणि भाडं क्षितिजाच्या नावावर टाकलं.

शनि. १५ नोव्हेंबर

पोस्टात जाऊन माझे पाच हजार भरले. वाल्मिकला काढता येतील का, खोदून खोदून विचारलं. बाई वैतागल्या. "अहो, दहावी झाल्यावर नाहीतर अठराव्या वर्षी, तेसुद्धा शिकायला, कॉलेजचा कागद दाखवून." तरी पासबुक कपाटात, कपाटाची चावी माझ्याकडे.

जिन्यात हंसाबेन भेटल्या, नाही म्हणून सांगितलं. आता म्हणे सोन्याची स्कीम आहे!

मंगळ. १८ नोव्हेंबर

पुन्हा गेले. म्हटलं, महिन्याला चार हजार नका टाकू, स्वतःच्या गाठीशी काहीतरी ठेवा. ऐकेना. सुट्टी कधी असते? "दोन दिस देतात. मी घेत न्हाई, त्याचे जादा मिळतात."

क्षितिजाबद्दल एक शब्द विचारला नाही. निघताना फक्त, "उंची वाढली असंल." प्रश्नसुद्धा नव्हता तो.

आजींच्या सुनेशी बोलून आले. आधी माझं लॅबचं कार्ड बघितलं, मग उलटसुलट प्रश्न. बरोबर आहे, मीही विचारले असते.

शनि. २२ नोव्हेंबर

दुपारचे चार. मी आजींच्या पलंगाशेजारी बसून लिहितेय. बीपी घेतलं, कूस बदलून दिली. बदली बाई म्हणून रात्री आठपर्यंत मी इथेच.

माझ्या घराची चावी आत्यांकडे दिलीय. क्षितिजाला घेऊन त्या बसमधून उत्तनला समुद्रावर गेल्यात. दोघीच.