बिनमिठाचा सल्ला आणि माझा वस्तरा

प्रिय मेहुणेबुवा,

पत्र हाती पडेल तोवर तुमच्या डाव्या गुडघ्याची कुरकुर थांबली असेल आणि उजव्याने त्याची गादी चालवायला घेतली नसेल, अशी आशा धरून नमस्कार करतो. तुमची ताई खुशाल आहे. मी कसा आहे ते अक्षरावरून कळेलच. ओळी वाकड्या दिसतील, पण डोकं सरळ आहे. (गेल्या वर्षी उलटं होतं. तेव्हाचं माझं पत्र तुम्ही जपून ठेवलंय म्हणे. अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर जहाज विकत घेण्याचा.)

त्या वेळी तुम्हीच मला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलंत आणि माझ्या आजाराचं बायपोलर हे बारसं तुमच्यादेखत झालं. म्हणजे कधी मी माझ्या दोन खुर्च्यांच्या सलूनसाठी आणखी सहा मागवतो, तर कधी त्या दोनातल्याच एका खुर्चीतून मला उठवत नाही. मधल्या जागी नीट बसावं म्हणून लिथियमची गोळी. ती आल्यापासून मी बसलोय, हे कबूल. पण ती एकटी आली नाही, सगळं गणगोत घेऊन आली. आधी तहान आली. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मी तांब्या रिकामा करतो, आणि आत गेलेलं बाहेर यायचंच, त्यामुळे दाढी मध्येच टाकून पळावं लागतं. शेजारचा कुलूपवाला परवा एका गालावर फेस घेऊन आपल्या दुकानात गेला, कुणाचं तरी कपाट उघडून देऊन परत येऊन बसला, तेव्हा मी हात पुसत होतो. मग जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव आली. मग वजन. (एप्रनच्या नाड्या हल्ली पाठीमागे एकमेकींना नुसत्या ओळख दाखवतात.) आणि शेवटी हात थरथरू लागला, अगदी बारीक, जुना फ्रीज थरथरतो तेवढाच.

तेवढ्यात तुमचा फोन आला. रिटायर झाल्यापासून तुम्ही मोबाईलवर वैद्यकी शिकताय, त्यामुळे वजनाचं ऐकताच तुम्ही ताईला सांगितलंत की भाऊजींचं मीठ बंद कर, महिन्यात सडपातळ होतील. भावाचा शब्द म्हणजे तुमच्या ताईला काळ्या दगडावरची रेघ. त्या दिवसापासून घरात मिठाची बरणी दिसली नाही. आमटी अळणी, भाजी अळणी, चेहरा अळणी. वजन तसूभर हललं नाही. हात मात्र असा हलायला लागला की चहा बशीत ओतावा लागेना, आपोआप जाई. पोटातही सारखं मळमळे.

कारकुनाचा हात हलला तर सही बिघडते. माझा धंदा लोकांच्या गळ्याशी. कात्रीचं एक वेळ निभतं, थरथर ही लोकांना चपळाई वाटते. वस्तऱ्याचं तसं नाही. समोरच्या बंगल्यातले हेडमास्तर चाळीस वर्षं गुळगुळीत राहिलेले गृहस्थ, पण आरशात माझा हात जवळ येताना पाहून त्यांना अचानक दाढी राखायची जुनी इच्छा आठवली. पाठोपाठ सगळ्या गल्लीलाच वैराग्य आलं. तेव्हा मी एका हातात वस्तरा आणि एका हातात गोळ्यांची बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि ताईला म्हणालो, यातलं एक आज ड्रॉवरात जाणार. ती ताटं पुसत होती. मागे न बघता म्हणाली, "हात हलतोय, तो निदान दिसतो तरी. गेल्या वर्षी तुम्हीच हलला होतात, तेव्हा मला दिसलात कुठे? बाटली ठेवा जागेवर. दाढ्या मी करीन."

वस्तरा ड्रॉवरात गेला. आणि दुसऱ्याच दिवशी तिने मला डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. बाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, जेवणात काही बदल? ताईने मिठाचं अभिमानाने सांगितलं. बाईंनी चष्मा काढून ठेवला. मीठ कमी पडलं की शरीर या गोळीलाच धरून बसतं, म्हणून रक्तात गोळी चढली, म्हणून हा हात आणि ही मळमळ. मीठपाणी कमी करू नका असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं म्हणे. (त्या दिवशी मी त्यांच्या दवाखान्याची इमारत केवढ्याला पडेल याचा हिशेब करत होतो.) ताई माझ्या पुढे जिना उतरली. खाली आल्यावर म्हणाली, "भाऊला काही बोलू नका हं, त्याला वाईट वाटेल."

म्हणून मी काही बोलत नाही. बाईंनी गोळी थोडे दिवस थांबवली, रक्त पुन्हा पाहून जरा कमी करून दिली, बरणी परत आली आणि हात पुन्हा जुन्या फ्रीजच्या थरथरीवर आला. तुमच्यावर राग नाही. लोभ आहे तेवढा पुरेल.

तुमचे भाऊजी

ता. क. वस्तरा मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, फुग्यांवर शिकलो. फेस लावायचा आणि फुगा न फोडता उतरवायचा. सध्या पुन्हा तेच चालू आहे. पहिले काही फुटले, आरसा पांढरा झाला. फुगेवाला रोज विचारतो, वाढदिवस कुणाचा. काल एक शेवटपर्यंत टिकला.

ता. क. दुसरा. पण फुग्याला हनुवटी नसते. गल्ली म्हणते, आधी कुणीतरी बसून उठू दे, मग आम्ही. कुलूपवाल्याने नंबर लावलाय, पण दुसरा. तेव्हा रविवारी सकाळी या आणि तोपर्यंत दाढी करू नका. लोक खाल्ल्या मिठाला जागतात, तुम्ही बंद केलेल्या मिठाला जागा.

ता. क. तिसरा. ताईने पत्र वाचलं. वस्तरा ड्रॉवरातून काढून तिनेच गोळ्यांच्या बाटलीशेजारी ठेवलाय. शेजारी कापूसही आहे, तो कशाला ते मी विचारलं नाही. जेवायला थांबा. तुमच्या गुडघ्यासाठी तिने तुमचं पान अळणी वाढायचं ठरवलंय. मी मध्ये बोललो नाही, तिला वाईट वाटेल.