भिंतीपलीकडची मास्तरीण

आई,

तुझ्या पाया पडते. आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा आता कसा आहे?

मागे छकुलीला धाप लागली होती ते तुला कळवलं नव्हतं. हे कामावर होते. मी दवाखान्यात फोन लावला, पण माझं बोलणं तिथल्या बाईला कळेचना. तिने फोन ठेवूनच दिला. छकुलीचे ओठ निळे पडलेले गं. शेजारच्या म्हातारीने फोन केला म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी रोज छकुलीच्या चित्रांच्या पुस्तकातून इथली भाषा मोठ्याने वाचते. भिंत पातळ आहे. उच्चार चुकला की म्हातारी पलीकडून काठी ठोकायची, बरोबर म्हणेपर्यंत सोडायची नाही. ठोका ऐकला की छकुली टाळ्या पिटायची.

परवा अख्खं पान वाचलं, एकही ठोका नाही. हे म्हणाले, "पास झालीस की गं!" मी खूश.

काल पण ठोका नाही. मग मी मुद्दाम चुकीचं वाचलं. परत परत वाचलं. पलीकडे काही हललं नाही. दार वाजवलं, कोणी उघडलं नाही. मग दवाखान्यात फोन मीच केला. माझं बोलणं त्यांना पहिल्याच खेपेला कळलं.

माणसं आली आणि म्हातारीला तोंड झाकून घेऊन गेली.

आता छकुलीला काही झालं तर मला फोन करता येईल, तू काळजी करू नकोस. आजही मी वाचलं. छकुली भिंतीकडे बघत टाळीसाठी हात वर करून बसली होती.

तुझी,
चिंगी